ट्रॅक केलेले तास आणि इनव्हॉइसवरचे तास जुळत नाहीत : कुठे काय तपासावे

टायमरने किंवा टाइमशीटने तास नोंदवायचे आणि त्यावरून क्लायंटचे इनव्हॉइस बनवायचे, अशी पद्धत असली की हा बिघाड कधी ना कधी उद्भवतोच. बरेच जण शेवटच्या आकड्यात हाताने दुरुस्ती करून इनव्हॉइस पाठवून देतात. त्यामुळे त्या महिन्याचे काम निभावते, पण मूळ चूक जागच्या जागी राहते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तोच फरक निघतो. म्हणून खालच्या तपासण्या त्याच क्रमाने कराव्यात. आधी फुकटच्या आणि पाच मिनिटांच्या, मग जास्त वेळ खाणाऱ्या.

लक्षणे

यातले एक किंवा अनेक दिसू शकतात. कोणते दिसते ते आधी लिहून ठेवा, कारण त्यावरून बऱ्याचदा थेट योग्य तपासणीवर जाता येते.

- रिपोर्टमध्ये ४१ तास ३० मिनिटे आहेत आणि इनव्हॉइसवर ४१.३० तास छापले गेले आहेत.
- रक्कम हास्यास्पद वाटावी इतकी लहान आली आहे, साधारण चोविसाव्या हिश्श्याएवढी.
- रोजचे तास बरोबर दिसतात, पण बेरीज २४च्या पुढे गेली की एकदम खाली येते.
- फरक थोडासाच आहे, दर महिन्याला वेगळा आहे, पण नेहमी एकाच बाजूला झुकलेला आहे.
- महिन्याच्या पहिल्या किंवा शेवटच्या दिवसाच्या नोंदी भलत्याच इनव्हॉइसवर गेल्या आहेत, किंवा कुठेच नाहीत.
- तास जुळतात, रक्कम जुळत नाही.
- एका माणसाचे तास शून्य दराने आले आहेत.
- गेल्या महिन्याचा रिपोर्ट आज पुन्हा काढला की आकडा वेगळा येतो.
- एकच काम दोन इनव्हॉइसवर लागले आहे.

तपासायच्या आधी एक आकडा पक्का करा

ज्याच्याशी बाकी सगळे ताडून पाहायचे असा एक स्थिर आकडा हाताशी नसेल, तर तपासणी गोल गोल फिरत राहते. त्या क्लायंटचा, त्या कालावधीचा तपशीलवार रिपोर्ट काढा. सारांश नको, प्रत्येक नोंद वेगळी दिसली पाहिजे. राउंडिंग, म्हणजे मिनिटे ठरावीक टप्प्याला (उदा. १५ मिनिटांना) नेणे, बंद ठेवा. बिलेबल (क्लायंटला बिल लावायचे) आणि बिगर-बिलेबल दोन्ही तास घ्या, सगळी माणसे घ्या. ही फाइल तारीख घालून जतन करा आणि तिला पुन्हा हात लावू नका. एकूण वेळ मिनिटांत लिहून ठेवा. मिनिटे पूर्णांकात असतात, त्यामुळे तासांच्या लिखाणातला कोणताही घोळ त्यांत शिरत नाही.

आता आधी फक्त तास ताडून पाहा, रक्कम नंतर. तास जुळत नसतील तोवर दर आणि कर बघण्यात अर्थ नाही. तास जुळत असतील तर पहिल्या सहा तपासण्या सोडून थेट सातवीवर या (रक्कम चोविसाव्या हिश्श्याची असेल तर मात्र चौथीवर).

फरक किती आहे यावरूनही बरेच कळते. फरकाची मिनिटे काढा आणि नेमक्या तेवढ्याच लांबीची एखादी नोंद फाइलमध्ये आहे का ते शोधा. सापडली, तर बहुधा ती नोंद गळाली आहे किंवा दोनदा आली आहे. सापडली नाही, तर फरकाच्या मिनिटांना नोंदींच्या संख्येने भागा. भागाकार राउंडिंगच्या टप्प्याच्या निम्म्याच्या आसपास येत असेल, म्हणजे १५ मिनिटांच्या टप्प्याला सातच्या जवळ किंवा ६ मिनिटांच्या टप्प्याला अडीच-तीन, तर प्रत्येक नोंद वेगवेगळी वर चढवली जात आहे. अशा वेळी सरळ पाचव्या तपासणीकडे जा.

१. रिपोर्टचे फिल्टर

सगळ्यात स्वस्त तपासणी, आणि घाईत सर्रास राहून जाणारी. बहुतेक टाइम-ट्रॅकिंग ॲप मागच्या वेळचे फिल्टर लक्षात ठेवतात. गेल्या आठवड्यात एकाच सहकाऱ्याचा रिपोर्ट पाहिला असेल, तर आजही तोच एकटा निवडलेला असतो. क्लायंट, प्रोजेक्ट, माणूस, टॅग, बिलेबल, मंजुरीची स्थिती, या प्रत्येक फिल्टरवर एकदा नजर टाका. बंद केलेले प्रोजेक्ट आणि संस्था सोडून गेलेली माणसे यादीतून आपोआप वगळली जात आहेत का, तेही पाहा. महिन्याच्या मध्यात काम संपले म्हणून प्रोजेक्ट अर्काइव्हमध्ये टाकला आणि त्याचे तास इनव्हॉइसमधून नाहीसे झाले, हा प्रकार नेहमीचा आहे.

तारखांच्या मर्यादेत शेवटचा दिवस धरला आहे की त्याच्या सुरुवातीपर्यंतच मोजणी थांबते, हे ॲपनुसार बदलते. ३० तारखेपर्यंतचा रिपोर्ट काढून त्यात ३० तारखेची एखादी नोंद दिसते का, इतके पाहिले की पुरे.

२. न मोजलेल्या नोंदी

तीन गोष्टी शोधा.

पहिली, अजून चालू असलेला टायमर. न थांबवलेली नोंद बहुतेक रिपोर्टमध्ये येतच नाही, आणि नंतर थांबवली की जुन्या तारखेच्या खात्यात अचानक तास वाढतात. दुसरी, प्रोजेक्ट न निवडलेली नोंद. तिला क्लायंटच नसतो, म्हणून क्लायंटच्या फिल्टरमध्ये ती कधीच सापडत नाही. फिल्टरमध्ये 'प्रोजेक्ट नाही' असा पर्याय असतो, तो निवडून पूर्ण महिन्याची यादी काढा. तिसरी, बिलेबलची खूण न लावलेली नोंद.

या तिसऱ्या बाबतीत एक सापळा आहे. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये 'बिलेबल' हा मूळ पर्याय चालू केला, की बऱ्याच ॲपमध्ये तो फक्त पुढच्या नोंदींना लागू होतो. आधीच्या नोंदी जशाच्या तशा राहतात. सेटिंग पाहिले तर सगळे ठीक दिसते, म्हणून माणूस पुढे जातो. सेटिंगवर विसंबू नका, प्रत्यक्ष नोंदींचा बिलेबल कॉलम बघा. गाळलेल्या नोंदी एकत्र निवडून खूण बदलायची सोय बहुतेक ठिकाणी असते.

३. तास-मिनिटे की दशांश तास

७ तास ३० मिनिटे म्हणजे दशांशात ७.५. तरीही ७:३० मधले विसर्गासारखे चिन्ह काढून तिथे टिंब टाकले जाते आणि ७.३० तयार होतात. ७.३० तास म्हणजे ७ तास १८ मिनिटे. बारा मिनिटे गेली. पूर्ण तास सोडले तर या चुकीत प्रत्येक वेळी काम करणाऱ्याचेच नुकसान होते, कारण मिनिटांना ६०ने भागण्याऐवजी १००ने भागले जाते. ५९ मिनिटे असतील तर ०.९८ ऐवजी ०.५९ धरले जाते, म्हणजे जवळपास २४ मिनिटे बुडतात.

ओळखायची खूण सोपी आहे. तासांच्या कॉलममध्ये दशांश चिन्हाच्या पुढचे दोन आकडे वाचत जा. पंचवीस-तीस ओळींमध्ये ६० ते ९९च्या दरम्यानचा एकही आकडा नसेल, तर ते दशांश नाहीत, मिनिटे आहेत. खऱ्या दशांश तासांत .६७, .७५, .८३ हे हमखास दिसतात.

दुरुस्ती : मिनिटांना ६०ने भागा आणि तासांत मिळवा. एक्सपोर्ट करताना 'दशांश तास' असा पर्याय असेल तर तोच घ्या आणि कायमचा तोच ठेवा. इनव्हॉइसवर मात्र 'तास' या शीर्षकाखाली दशांश छापला आहे हे क्लायंटला समजेल असे एका ओळीत लिहा. नाहीतर ७.५ वाचून कोणीतरी सात तास पाच मिनिटे समजते आणि विनाकारण पत्रव्यवहार वाढतो.

४. स्प्रेडशीटमधले चार घोळ

एक्सेल असो वा गुगल शीट्स, वेळ आत साठवली जाते ती दिवसाचा अंश म्हणून. ७:३० असे दिसणाऱ्या सेलमध्ये प्रत्यक्षात ०.३१२५ असते, कारण साडेसात तास म्हणजे २४ तासांचा तेवढा भाग. त्या सेलला १२०० या दराने गुणले की ३७५ येतात, यायला हवे होते ९०००. रक्कम चोविसाव्या हिश्श्याची दिसली की कारण हेच. गुणाकारात २४ घाला : वेळ गुणिले २४ गुणिले दर. आणि उत्तराच्या सेलचा फॉरमॅट 'संख्या' करा, नाहीतर तो सेलही वेळ म्हणूनच दाखवला जाईल.

दुसरा घोळ बेरजेचा. साध्या वेळेच्या फॉरमॅटमध्ये घड्याळ २४ तासांनंतर पुन्हा शून्यावर येते, म्हणून २६ तास ३० मिनिटांची बेरीज २:३० दिसते. आतला आकडा बरोबर असतो, फक्त दिसणे चुकलेले असते. कस्टम फॉरमॅटमध्ये तासाचे एच हे अक्षर चौकटी कंसात टाकले की पूर्ण तास दिसू लागतात. गुगल शीट्समध्ये 'कालावधी' असा तयार फॉरमॅटही आहे.

तिसरा घोळ जास्त फसवा आहे. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साध्या मजकुराची) फाइल उघडल्यावर काही सेल वेळ किंवा संख्या म्हणून न येता मजकूर म्हणून येतात. मागे एखादी मोकळी जागा राहिलेली असते, किंवा दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो. बेरजेचे फंक्शन मजकूर गुपचूप वगळते, चूक म्हणून काहीही दाखवत नाही. डोळ्यांनी ओळखायचे तर कॉलमची आडवी मांडणी काढून टाका. संख्या आपोआप उजवीकडे सरकतात, मजकूर डावीकडे राहतो, आणि कॉलममध्ये एखाद-दुसरा डावीकडे चिकटलेला आकडा लगेच नजरेत भरतो. खात्रीसाठी 'काउंट' आणि 'काउंटए' ही दोन्ही फंक्शन त्याच कॉलमवर लावा. पहिले फक्त संख्या मोजते, दुसरे रिकामे नसलेले सगळे सेल मोजते. दोन्हींतला फरक म्हणजे बेरजेतून वगळलेल्या सेलची संख्या. शीर्षकाची ओळ मात्र यातून बाहेर ठेवा.

चौथा घोळ तारखांचा. ०३/०४ ही ३ एप्रिल की ४ मार्च, हे स्प्रेडशीट आपल्या प्रादेशिक सेटिंगवरून ठरवते. १२पर्यंतच्या तारखा उलटून दुसऱ्याच महिन्यात जातात आणि १३पासूनच्या तारखा उलटता येत नाहीत म्हणून मजकूर बनून राहतात. महिन्याच्या पूर्वार्धातले तास गायब आणि उत्तरार्धातले जागेवर, असे दिसले की आधी हे तपासा. फाइलवर दोनदा क्लिक करून उघडण्याऐवजी 'इम्पोर्ट'मधून आणा आणि तिथे तारखेचा क्रम स्वतः निवडा. एक्सपोर्टमध्ये वर्ष-महिना-दिवस असा क्रम मिळत असेल तर सगळ्यात उत्तम, त्यात संदिग्धता उरतच नाही.

५. राउंडिंग : किती, कुठल्या दिशेने आणि नेमके कधी

फरक लहान आणि सततचा असेल तर पहिला संशय इथे घ्यावा. 'आम्ही १५ मिनिटांना राउंड करतो' एवढ्याने काहीच ठरत नाही. वर चढवायचे की जवळच्या टप्प्याला न्यायचे? आणि प्रत्येक नोंदीला, दिवसाच्या बेरजेला की इनव्हॉइसच्या एकूण बेरजेला?

एका दिवसाच्या पाच नोंदी घ्या : ४, ७, २२, ११ आणि ३८ मिनिटे. खरी बेरीज ८२ मिनिटे.

- प्रत्येक नोंद १५च्या पुढच्या टप्प्याला वर चढवली : १५ + १५ + ३० + १५ + ४५ = १२० मिनिटे, म्हणजे २ तास.
- प्रत्येक नोंद ६च्या पुढच्या टप्प्याला वर चढवली : ६ + १२ + २४ + १२ + ४२ = ९६ मिनिटे, म्हणजे १.६ तास.
- प्रत्येक नोंद १५च्या जवळच्या टप्प्याला नेली : ० + ० + १५ + १५ + ४५ = ७५ मिनिटे, म्हणजे १.२५ तास.
- आधी बेरीज केली, मग १५ला वर चढवली : ९० मिनिटे, म्हणजे १.५ तास.
- आधी बेरीज केली, मग ६ला वर चढवली : ८४ मिनिटे, म्हणजे १.४ तास.

काम तेच, आणि उत्तरे सव्वा तासापासून दोन तासांपर्यंत. टाइम-ट्रॅकिंग ॲपमध्ये एक नियम आणि इनव्हॉइस बनवणाऱ्या ठिकाणी दुसरा नियम असेल, तर हिशेब कधीच जुळणार नाही. काही ठिकाणी राउंडिंग दोन्हीकडे चालू असते आणि ९६ मिनिटांवर पुन्हा १५चा टप्पा लागून १०५ होतात. राउंडिंग एकाच ठिकाणी चालू ठेवा, दुसरीकडे पूर्ण बंद करा.

जवळच्या टप्प्याचा नियम प्रत्येक नोंदीला लावला की ७ मिनिटांपर्यंतच्या सगळ्या नोंदी शून्य होतात, हे वरच्या उदाहरणात दिसलेच. ज्यांचे काम फोन आणि छोट्या दुरुस्त्यांचे असते त्यांचे यात बरेच तास वाया जातात. उलट, प्रत्येक नोंद वर चढवण्याच्या पद्धतीत जो माणूस टायमर वारंवार बंद-चालू करतो त्याचे बिल त्याच कामाला जास्त होते, आणि हे क्लायंटला पटवून देणे अवघड जाते. माझे स्पष्ट मत असे आहे की बेरीज आधी करावी, तीही दिवसाची आणि एका कामाची, आणि राउंडिंग त्या बेरजेवर एकदाच करावे. ६ मिनिटांचा टप्पा त्यासाठी सोयीचा, कारण तो तासाचा नेमका दहावा भाग आहे आणि दशांशात स्वच्छ बसतो. पण करारात वेगळा नियम लिहिलेला असेल तर तोच पाळायचा. करारात नियमच नसेल, तर पुढच्या इनव्हॉइसआधी क्लायंटकडून लेखी होकार घ्या.

६. टाइमझोन आणि मध्यरात्र

गळालेल्या नोंदी फक्त कालावधीच्या टोकाला असतील तर इथे थांबून नीट बघा. टाइमझोनची सेटिंग एका जागी नसते. प्रत्येक माणसाच्या प्रोफाइलला एक, पूर्ण वर्कस्पेसला (ॲपमधल्या टीमच्या सामाईक खात्याला) एक, आणि एक्सपोर्ट किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या जोडणीतून जाणारा डेटा अनेकदा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेमध्ये. स्थानिक वेळ यूटीसीपेक्षा ५ तास पुढे असेल, तर १ तारखेला पहाटे ३ वाजताची नोंद यूटीसीत आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री १० वाजता पडते. स्क्रीनवर ती या महिन्यात दिसते आणि एक्सपोर्टमध्ये मागच्या. वेगवेगळ्या देशांत बसलेली टीम असेल तर प्रत्येकाचा महिना वेगळ्या क्षणी संपतो.

इनव्हॉइससाठी एकच टाइमझोन ठरवा आणि वर्कस्पेसची सेटिंग त्यावर ठेवा. मध्यरात्र ओलांडणाऱ्या नोंदीचे काय होते तेही पाहा : काही ॲप ती पूर्ण नोंद सुरुवातीच्या दिवसात धरतात, काही तिचे दोन तुकडे करतात. महिन्याच्या शेवटच्या रात्री काम चालू असेल तर बारा वाजता टायमर थांबवून नवा सुरू करावा, म्हणजे प्रश्नच उरत नाही. ज्या देशांत उन्हाळी वेळेसाठी घड्याळ एक तास पुढे-मागे होते तिथे त्या एका रात्रीच्या, हाताने भरलेल्या नोंदी तासाभराने चुकू शकतात. तेवढ्याच नोंदी बघून पुढे जा.

७. तास बरोबर, रक्कम चूक : दर

प्रत्येक माणसाच्या रकमेला त्याच्या तासांनी भागा. जो दर निघेल तो ठरलेल्या दराशी ताडा. शून्य निघाला तर नव्या माणसाला प्रोजेक्टमध्ये घेताना दर भरायचा राहिला आहे. ओळखीचा पण भलताच दर निघाला तर दरांच्या उतरंडीत गडबड आहे. दर वर्कस्पेसला, क्लायंटला, प्रोजेक्टला, माणसाला, कामाच्या प्रकाराला असा अनेक पातळ्यांवर ठेवता येतो आणि सहसा जास्त नेमक्या पातळीवरचा दर वरच्या पातळीला झाकतो. वर्कस्पेसचा दर वाढवला आणि काहीच बदलले नाही, याचा अर्थ प्रोजेक्टवर किंवा माणसावर जुना दर स्वतंत्रपणे लिहून ठेवलेला आहे.

जुना आणि नवा यांच्या मधला विचित्र आकडा निघाला तर महिन्याच्या मध्यात दर बदलला आहे. ३० तास १०००ने आणि १० तास १२००ने झाले असतील, तर ४२,००० भागिले ४० म्हणजे १०५० येतात. हिशेब चुकलेला नाही, पण इनव्हॉइसवर १०५० छापू नका. करारात असा दर कुठेच नसतो. दोन वेगळ्या ओळी करा.

दर बदलताना 'आतापासून' की 'जुन्या नोंदींनाही' हे ॲप विचारत असेल तर घाईने पुढे जाऊ नका. जुन्या नोंदींना लावला की आधीच पाठवलेल्या इनव्हॉइसचा आधारच बदलतो. 'गेल्या महिन्याचा रिपोर्ट आज वेगळा येतो' या लक्षणामागे हे एक मोठे कारण आहे.

फरक अगदी थोड्या पैशांचा असेल तर दोन दशांश स्थळांकडे बघा. २० मिनिटे म्हणजे ०.३३३३ तास, पण इनव्हॉइसच्या ओळीत ०.३३ लिहिले जाते. १२५० दराने अशा तीन ओळींचे १२३७.५० होतात आणि पूर्ण एका तासाचे १२५०. एका कामाच्या नोंदी आधी मिनिटांत एकत्र करून एकच ओळ केली की हा फरक जातो. कराचेही तसेच : प्रत्येक ओळीवर कर काढून राउंड करणे आणि एकूण रकमेवर एकदाच काढणे यांत थोडा फरक पडतो. कोणती रीत चालते ते तिथल्या कर-नियमांवर अवलंबून असते, त्यामुळे स्वतःच्या मनाने बदलू नका.

८. उशिरा भरलेल्या, बदललेल्या आणि दुहेरी नोंदी

इथे जरा वेळ लागतो. सुरुवातीला जतन केलेली फाइल इथे उपयोगी पडते : आज तोच रिपोर्ट पुन्हा काढा आणि दोन्हींची ओळीनुसार तुलना करा. नवी ओळ म्हणजे उशिरा भरलेली नोंद. तीच ओळ पण वेगळी वेळ, म्हणजे कोणीतरी नंतर दुरुस्त केली. नाहीशी झालेली ओळ, म्हणजे नोंद पुसली गेली किंवा दुसऱ्या प्रोजेक्टवर हलवली.

उशिरा आलेल्या नोंदी कायमच्या हरवू नयेत यासाठी एक बदल फार गुणकारी आहे. इनव्हॉइस तारखांच्या मर्यादेवरून काढण्याऐवजी 'अजून इनव्हॉइस न झालेल्या' नोंदींवरून काढा आणि फक्त शेवटची तारीख द्या, सुरुवातीची देऊ नका. मागच्या महिन्याची राहून गेलेली नोंद मग या महिन्यात आपोआप येते. पहिल्यांदा असे करताना यादी नीट वाचा, कारण कधीच इनव्हॉइसची खूण न लावलेल्या खूप जुन्या नोंदीही वर येतील.

ही खूण भरवशाची आहे का, तेही एकदा तपासून ठेवा. चाचणीसाठी एक खोटा क्लायंट बनवा, त्यावर ५ मिनिटांची नोंद टाका, कच्चे इनव्हॉइस बनवा आणि ते पुसून टाका. नोंद पुन्हा 'इनव्हॉइस न झालेली' म्हणून मोकळी होते का? काही ठिकाणी होते, काही ठिकाणी अडकून राहते, आणि इनव्हॉइस पुसून पुन्हा बनवण्याची सवय असलेल्यांचे तास असेच बुडतात. चाचणीत कच्च्याच अवस्थेत थांबा. पक्के केलेले इनव्हॉइस क्रमांक खाते, आणि मग क्रमांकांच्या ओळीत खंड का पडला याचा खुलासा देत बसावे लागते.

दुहेरी नोंदी शोधायला यादी आधी माणसानुसार आणि मग सुरुवातीच्या वेळेनुसार लावा. शेजारच्या कॉलममध्ये, या ओळीची सुरुवात आधीच्या ओळीच्या शेवटाआधी होते का, एवढे तपासणारे सूत्र टाका. सुरुवात, लांबी आणि वर्णन तिन्ही सारखे असेल तर ऑफलाइन फोनने तीच नोंद दोनदा पाठवली आहे. एक पुसा. वेळा एकमेकींवर चढलेल्या पण वर्णने वेगळी असतील, तर दोन उपकरणांवर दोन टायमर चालू राहिले होते. सलग दहा-बारा तासांची एकच नोंद दिसली तर विसरलेला टायमर असण्याची शक्यता मोठी. अशा नोंदीतून अंदाजाने तास कापू नका. ज्याची नोंद आहे त्याला विचारा आणि त्या दिवसाचे कॅलेंडर, ईमेल किंवा फाइल जतन केल्याच्या वेळा पाहून शेवटची वेळ ठरवा. आणि दुरुस्ती का केली ते वर्णनात लिहा.

हे सगळे झाले की तो कालावधी लॉक करा, म्हणजे त्यातल्या नोंदी कोणाला बदलता येणार नाहीत. लॉकची तारीख इनव्हॉइसच्या शेवटच्या तारखेशी जुळवा. लॉक नसेल तर वरचे सगळे काम पुढच्या महिन्यात पुन्हा करावे लागेल.

९. दोन सॉफ्टवेअरमधली जोडणी

टाइम-ट्रॅकिंगमधून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये तास आपोआप जात असतील आणि इथपर्यंत काही सापडले नसेल, तर बिघाड मधल्या वाटेत आहे. जोडणीची नोंदवही उघडा. एकच गठ्ठा दोनदा गेलेला दिसला, तर पहिल्या प्रयत्नात उत्तर यायला उशीर झाला म्हणून जोडणीने पुन्हा पाठवले आणि समोरच्या सॉफ्टवेअरने दोन्ही स्वीकारले. एका क्लायंटचे नाव दोन्हीकडे थोडे वेगळे असेल तर त्याचे तास वेगळ्याच खात्यात जमा झालेले असू शकतात. एक छोटी चाचणी-नोंद या टोकाकडून त्या टोकापर्यंत जाऊ द्या आणि मिनिटे, तारीख, दर हे तीनच आकडे दोन्हीकडे ताडा. चाचणी संपली की ती नोंद दोन्ही ठिकाणांहून काढा. जोडणी तोडून पुन्हा जोडायचा मोह होतो. तो आवरा, कारण काही जोडण्या नव्याने जोडल्यावर जुना सगळा डेटा पुन्हा ओढतात.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

चुकीचे इनव्हॉइस क्लायंटकडे गेले असेल आणि त्यावरचा कर विवरणपत्रात दाखवला असेल, तर त्या इनव्हॉइसला हात लावू नका. अकाउंटंटला बोलवा. क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढायची, पुरवणी इनव्हॉइस द्यायचे की पुढच्यात वळते करायचे, हे नियमांनुसार ठरते. पाठवलेले इनव्हॉइस त्याच क्रमांकाने बदलून पुन्हा पाठवणे हा सगळ्यात वाईट मार्ग आहे. दोन्हीकडच्या वह्यांत एकाच क्रमांकाच्या दोन रकमा राहतात. चूक अनेक महिन्यांची निघाली, किंवा इनव्हॉइस एका चलनात आणि पैसे दुसऱ्या चलनात असतील, तरी तोच सल्ला.

राउंडिंग किंवा दर यावरून क्लायंट करारावरच बोट ठेवत असेल, तर स्प्रेडशीट बाजूला ठेवा. करार वाचणाऱ्या वकिलाला दाखवा आणि तोवर कोणताही आकडा लेखी मान्य करू नका.

लॉक केलेल्या कालावधीतल्या नोंदी आपोआप बदलत असतील, पुसलेल्या नोंदी परत येत असतील, किंवा जोडणी दोनदा पाठवत असेल, तर ते सॉफ्टवेअरच्या सपोर्टचे काम आहे. आपल्या हातून डेटा आणखी बिघडण्याआधी नवी इनव्हॉइस काढणे थांबवा. त्यांना हे पाठवा : चुकलेल्या एका नोंदीचा क्रमांक, ती टाइमझोनसह कोणत्या वेळेची आहे, ॲपमध्ये दिसणारी मिनिटे, इनव्हॉइसवर दिसणारे तास, आणि पहिल्या दिवशी जतन केलेली ती फाइल. मात्र त्यातली क्लायंटची नावे आणि कामाची वर्णने काढून टाका, त्यांना ती लागत नाहीत.